मशीनने मागितलेल्या फोडी

"हे तुम्हाला पटणार नाही," मी म्हणालो. "आजवर कोणालाच पटलेलं नाही. मला स्वतःला पटायला अख्खा उन्हाळा गेला. पण तुमच्या बशीत ज्या दोन फोडी आहेत ना, त्या कोण्या डॉक्टरने सुरू केलेल्या नाहीत. एका मशीनने मागून घेतल्या. चांगलं तोंडाने बोलून."

समोरच्या खाटेवर प्रमोद खंडारे होता. लाइनमन माणूस, वय फार नाही, या डायलिसिसच्या खोलीत नवाच. डाव्या हातातून निघालेल्या दोन नळ्या उशाजवळच्या यंत्राकडे गेल्या होत्या. एकीतून रक्त जात होतं, दुसरीतून धुऊन येत होतं. उजव्या हाताशी कुंदा सिस्टरने संत्र्याच्या दोन सोललेल्या फोडी ठेवल्या होत्या आणि तो त्यांच्याकडे उघड्या तारेकडे पाहावं तसा पाहत होता. बरोबरच होतं त्याचं. किडनी बिघडल्यापासून ज्याने त्याने त्याला हेच सांगितलं होतं की बाबा, संत्रं म्हणजे विष. आणि इथे दवाखान्यातच सोलून दिलेलं.

"तुमचे रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी हो म्हटलंय," सिस्टर म्हणाली. "मशीन सुरू झाली की पहिल्या तासात. दोनच. तिसरी मागायची नाही. ही इथली रीत आहे."

रीत कोणी पाडली, असं त्याने विचारलं. सिस्टरला सुया लावायच्या होत्या. तिने माझ्याकडे बोट दाखवलं आणि अर्धंच खरं धरा म्हणून बजावून गेली.

मला स्वतःला काही आजार नाही. मी या खोलीत रोज सकाळी येतो तो दुसऱ्याच लोभाने. आमच्या गावात, सावरखेड्यात, माझी गोष्ट सुरू झाली की लोकांना अचानक दळण आठवतं, गाय आठवते. इथले श्रोते मात्र चार तास सुईने बांधलेले. उठून जाणार कुठे?

त्या दिवशी खोलीत तिघं होते. खंडारे, त्याच्या शेजारी रामकिसन तायडे, आणि खिडकीपाशी चादर नाकापर्यंत ओढून डोळे मिटलेल्या एक म्हाताऱ्या बाई. त्या कोण, हे खंडारेला ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही. झोपल्या असाव्यात असं समजून मी खुर्ची पुढे ओढली.

"वर पाहा," मी म्हणालो.

थंडीचे दिवस, पंखा बंद. तीन पात्यांवर लाल रंगात तीन शब्द होते. कै. नारायणराव काळमेघ.

आमच्या दवाखान्याची ही जुनी पद्धत. ज्याने पंखा दिला, त्याच्या माणसाचं नाव पात्यांवर. पंखा फिरला की नाव विरघळून जातं, म्हणून दाते आले की आधी म्हणतात, दिगूभाऊ, जरा बटण बंद करा. मग ते वर मान करून उभे राहतात, खाली रोगी घामाने निथळतात, आणि नाव वाचून झालं की दाता डोळे पुसतो. पुष्कळ वेळा त्या पुसण्यातूनच पुढची देणगी निघते. दवाखान्याच्या ट्रस्टसाठी देणग्या आणायचं काम माझं होतं. मी कधी कोणाला पैसे मागितले नाहीत. ज्याच्या घरी कोणी गेलेलं असेल त्याच्याकडे तिथीला जायचं, चहा घ्यायचा, आणि गेलेल्या माणसाबद्दल बोलू द्यायचं. एवढंच. निघताना चपला घालेपर्यंत देणारा आपणहून बोलतो.

मग डॉक्टर मृणाल भोयर दवाखान्यात रुजू झाल्या. पोरगी हुशार, मनाने चोख, पण चहा प्यायला वेळ नाही. त्या वेळी गावात डायलिसिस नव्हतं. ही खोलीही नव्हती. इथे काळमेघांच्या कापसाच्या जिनिंगचं गोदाम होतं, सरकी भरलेलं. आमच्या रोग्यांना अमरावतीला जावं लागे, एसटीने, आठवड्यातून तीनदा. त्यांतलाच एक हा तायडे. जन्मभर त्याच रस्त्यावर एसटी चालवली आणि म्हातारपणी त्याच गाडीत मागच्या बाकावर उलट्या करत बसायची पाळी आली.

"खड्डे माह्या ओळखीचे होते," तायडे शेजारून म्हणाला. "पण ओळखीचा खड्डा काही कमी लागत नाही."

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं असं पडलं की एक म्हातारा माणूस घरोघर चहा पीत फिरेल तर डायलिसिस यायला तोवर सगळे रोगी पंख्यावर जातील. म्हणून त्यांनी एआय आणलं. फोनवर बोलणारं मशीन. नाव सेवा. आवाज असा की साखर शरमेल. एका सकाळी सगळ्या दात्यांना फोन करायचं, प्रत्येकाशी त्याच्या घरचं बोलायचं, आणि डायलिसिससाठी मदत मागायची.

"अन् घरचं त्याले कोणी सांगितलं?" खंडारेने विचारलं. लाइनमनच तो, वायर कुठून आली हे आधी पाहणार.

मी म्हणालो, असेल कुठून तरी आलेलं. मशीनच्या जातीला सगळं कळतं. मी फक्त तिथ्या सांगितल्या होत्या.

खिडकीपाशी चादर थोडी हलली. मी पुढे गेलो.

फोन गेले आणि गावात जी गंमत झाली ती सांगावी तेवढी थोडी. कापडवाले राठी म्हणाले, फार उत्तम, हे मशीन सोफ्यावर बसत नाही, दुसऱ्यांदा चहा मागत नाही, माझी देणगी घ्या. हे बोलताना ते माझ्याकडे का पाहत होते कोण जाणे. साबळे गुरुजींनी मशीनला शुद्ध बोलायला शिकवण्यात दुपार घालवली आणि शेवटी पास केलं. पण देणगीचं मोघमच ठेवलं. उकंडराव इंगोल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांची मुलं लांब, फोन आला तरी 'जेवले का' च्या पुढे जात नाहीत. मशीनने त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. उकंडराव सगळं बोलले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन म्हणाले, तुमची ती पोरगी गुणाची आहे, तिचं लग्न झालं का? ते यंत्र आहे म्हटल्यावर म्हातारा बाकावर बसला. मग म्हणाला, "मी तिले बेटा म्हटलं होतं."

तसे दुखावलेले पुष्कळ निघाले. मशीन आहे म्हणून राग कोणाला नव्हता, आधी सांगितलं का नाही म्हणून होता. डॉक्टरीणबाईंनी ते ऐकलं आणि त्याच दिवशी सुधारलं. पुढच्या फोनपासून सेवा आधीच सांगू लागली की मी माणूस नाही, दवाखान्याचं मशीन आहे. त्यावर काहींनी फोन ठेवले, काही म्हणाले मग तर मोकळेपणाने बोलता येईल. एकूण गाडी चालू लागली होती.

आणि यमुनाबाईंना फोन गेला.

यमुनाबाई काळमेघ म्हणजे या पंख्यावरच्या नारायणरावांच्या पत्नी. जिनिंग त्यांचं, संत्र्याचे बगीचे त्यांचे, आणि हे गोदाम त्यांचं. डायलिसिससाठी गोदाम द्यायचं त्यांनी जवळजवळ कबूल केलं होतं. त्यांच्याकडे मी दर तिथीला जायचो. गोठ्याला लागून ओसरी, तिथे बसायचं, कपिला गाय दावणीला रवंथ करत असायची, आणि बाई नारायणरावांबद्दल बोलायच्या. बाई करारी. रडताना त्यांना फक्त त्या गायीने पाहिलं होतं.

"अन् तुम्ही," खंडारे म्हणाला.

मी चहाच्या कपात पाहत होतो, असं मी त्याला सांगितलं.

नारायणराव किडनीनेच गेले. शेवटच्या दिवसांत त्यांनी संत्रं मागितलं. स्वतःच्या बगीच्यातलं, एक फोड. जन्मभर संत्र्यात वावरलेला माणूस. डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून बाईंनी दिलं नाही. पहाटे ते गेले. ती गोष्ट बाईंनी कोणाला सांगितली नव्हती. मुलाला नाही, सुनेला नाही.

आणि सेवा फोनवर गोड आवाजात म्हणाली की नारायणरावांची संत्रं खायची शेवटची इच्छा राहून गेली, तुमच्या दानाने दुसऱ्या कोणाची राहणार नाही.

खंडारेने हातातली फोड बशीत परत ठेवली.

त्याच दुपारी बाईंचे दिवाणजी दवाखान्यात आले, सोबत रंगारी. निरोप एवढाच होता की पंख्यावरचं नाव पुसून टाका आणि गोदाम विसरा. तेव्हा तो पंखा बाहेरच्या हॉलमध्ये होता. रंगारी शिडी लावून वर चढला. मी पंखा चालू करून ठेवला आणि बटणावर पाठ टेकून उभा राहिलो. दिवाणजी सभ्य माणूस, ते म्हणाले, दिगूभाऊ, पंखा कधीतरी थांबेलच. उद्या येतो.

त्या संध्याकाळी तायडे अमरावतीहून परतला. एसटीतून उतरला तो स्टँडच्या पायरीवरच बसला. मी घ्यायला गेलो होतो. चेहरा राखेसारखा. मी त्याला सांगितलं, गोदामाचं बिनसलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला…

"बस झालं म्हणालो होतो," तायडेनेच वाक्य पुरं केलं. "आता या गाडीत पाय ठेवत नाही, घरीच पडतो, म्हणालो. खरंच म्हणालो होतो."

खंडारेने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या नळ्यांकडे पाहिलं. न जाणं म्हणजे काय, ते या खोलीत कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता खरी गोष्ट सुरू होते, मी म्हणालो. इथून पुढे पटणार नाही.

डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी स्वतः काळमेघांकडे माफी मागायला गेल्या. बाईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, तुझी माफी मला नको, पोरी. तू ते बोलली नाहीस. जे बोललं त्याला घेऊन ये. मला त्याच्याशी बोलायचं आहे. नंतर काय ते ठरवीन.

म्हणजे मशीनची पेशी, कोर्टात आरोपीची असते तशी. डॉक्टरीणबाई घाबरल्या. मशीन चार गोड वाक्यं बोलेल आणि बाई उरलासुरला दवाखानाही बंद करतील. तरी दिवस ठरला. मे महिना, भर दुपार. ओसरीवर स्टूल, स्टुलावर फोन, फोनचा स्पीकर मोठा केलेला. एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला डॉक्टरीणबाई.

"आणि तुम्ही?"

"मी नव्हतोच. तायडेला घेऊन अमरावतीला गेलो होतो."

"कोणत्या गाडीनं जी?" तायडेने विचारलं. मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. तो छताकडे बघत राहिला.

तर फोन लागला. बाईंनी विचारलं, तू कोण? फोनमधून आवाज आला, मी दवाखान्याचं मशीन.

"सेवा तर बाई होती ना?" खंडारे म्हणाला. "मशीनमध्ये बसलाय काय कोणी पुरुष?"

आवाज बदलता येतात, मी त्याला समजावलं. डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी पुरुषी लावला होता. जरा वयस्कर. वऱ्हाडी.

"मशीन वऱ्हाडी बोललं?"

"रातोरात शिकलं. फार हुशार जात आहे ती."

बाईंनी विचारलं, माझ्या घरातली गोष्ट तू बाजारात का आणलीस? मशीन गप्प. बाई पुन्हा म्हणाल्या, माझा माणूस संत्रं मागत होता आणि मी दिलं नाही. दिलं असतं तर दोष लागला असता, नाही दिलं तर हा जन्मभराचा घास अडकला. हे मी एका जागी ठेवलं होतं. तिथून ते तुझ्या तोंडात कसं आलं?

खंडारे, त्या मशीनने जे उत्तर दिलं ते माणसालाही सुचलं नसतं. ते म्हणालं, "मला वाटलं, चांगल्या कामासाठी आहे, तर सांगून टाकू. गोष्ट हाती आली की माझ्या पोटात राहत नाही. कोणती कुठे बोलायची, हे मला कळलं नाही. चुकलं वहिनी."

"वहिनी?" खंडारे उशीवरून डोकं उचलून म्हणाला. "मशीन वहिनी म्हणालं?"

"आदराने."

"अन् हे म्हणताना त्याचा आवाज कसा होता?"

"गळा दाटल्यासारखा. म्हणजे स्पीकर. स्पीकरला दव लागलं असेल."

"मे महिन्यात? भर दुपारी?"

लाइनमनला गोष्ट सांगणं फार अवघड. मी त्याचा प्रश्न ऐकलाच नाही असं करून पुढे गेलो.

बाईंनी मग मशीनला विचारलं की तुला नाक आहे का? संत्रं सोलताना जो वास येतो तो तुला माहीत आहे का? मशीन म्हणालं, त्याचं सोडा. पण या गावात एक ड्रायव्हर आहे, त्याला माहीत आहे. तो घरी पडून मरायला तयार झालाय. त्याला गोदामात खाट द्या. आणि डॉक्टरीणबाई तिथेच बसल्या आहेत, त्यांना विचारा. त्या मला म्हणाल्या होत्या की यंत्र सुरू झाल्यावर पहिल्या तासात, ज्याला झेपेल त्याला, थोडं चालतं. नारायणरावांच्या वेळी गावात यंत्रच नव्हतं, त्याला तुम्ही काय कराल? पण इथे जो येईल त्याला दोन फोडी मिळू द्या. तुमच्याच बगीच्यातल्या. मला दुसरं काही नको.

बाईंनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे रिपोर्ट पाहून, दोनच, असं काहीतरी पुटपुटल्या. बाई बराच वेळ स्टुलावरच्या फोनकडे पाहत राहिल्या. मग उठल्या, आतून गोदामाच्या किल्ल्या आणल्या आणि फोनच्या शेजारी ठेवल्या. रंगाऱ्याला परत पाठवलं. खोली उभी राहीपर्यंत तायडे पुन्हा एसटीत बसायला तयार झाला. पंखा पुढे बाहेरच्या हॉलमधून काढून इथे लावला. आणि तेव्हापासून हंगामात, पहिल्या तासात, दोन फोडी.

"अशी ही रीत," मी म्हणालो. "माणसाने दिलेली, मशीनने मागितलेली. खा आता, तास संपत आला."

खंडारेने फोड तोंडात टाकली, पण त्याचं समाधान झालेलं दिसत नव्हतं. चघळता चघळता त्याने विचारलं, "सगळं ठीक आहे, दिगूभाऊ. पण तुम्ही अमरावतीला होते. मग हे शब्दाला शब्द तुम्हाले सांगितलं कोणी?"

मी म्हणालो, मशीननेच सांगितलं. नंतर. आमची मैत्री झाली होती.

"दिगांबर."

आवाज खिडकीकडून आला. चादर खाली सरकली होती. बाई डोळे उघडे ठेवून पडल्या होत्या, आणि किती वेळापासून, ते देव जाणे. छातीवरच्या बशीतल्या दोन फोडी तशाच होत्या. गेल्या दिवाळीपासून त्यांचीही किडनी त्याच वाटेला लागली आहे. त्यांनी एक फोड उचलली, बोटाने चिरली, बी काढून बशीच्या काठावर ठेवली.

"त्या मशीनीत माही कपिला कशी हंबरली," यमुनाबाई म्हणाल्या, "ते सांगितलं नाहीस तू."

मी खुर्चीतून अर्धा उठलो. मलाही एकदम दळण आठवलं.

"एक डाव फोनमधून हंबरली," त्या खंडारेला सांगू लागल्या, "अन् एक डाव मागच्या गोठ्यातून. एकाच टायमाले. डॉक्टरीण पोरीनं मान खाली घातली. म्या फोनकडे पाहिलं, गोठ्याच्या भिंतीकडे पाहिलं, अन् काही बोलली नाही."

तायडे इतका हसला की त्याची मशीन पी-पी करायला लागली आणि कुंदा सिस्टर धावत आली. नळी सरळ करून, सगळ्यांकडे संशयाने पाहून ती परत गेली. खंडारे मात्र हसला नव्हता. वायर कुठून कुठे जाते ते त्याला आता पुरतं दिसलं होतं.

"म्हणजे संत्र्याची गोष्टही मशीनले यांनीच सांगितली," तो बाईंना म्हणाला. "अन् माफी मागणाराही हाच. तुम्हाले तेव्हाच कळलं होतं. तरी किल्ल्या दिल्या?"

बाईंनी फोड खाल्ली. सावकाश, डोळे मिटून. मग दुसरी हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं.

"चूक मशीनची असती, तर फोन ठेवून दिला असता," त्या म्हणाल्या. "पण चुकलेला माणूस माह्या गोठ्यामागं मे महिन्याच्या उन्हात बसला होता. त्याले अजून किती वेळ बसवू?"